मागच्या बाकावरचं आमेन

आमच्या सोलापुरातल्या चर्चमध्ये मी पेटी वाजवते. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असतात तेव्हा मला ते आधीच उघडावे लागतात, कारण पुढच्या गीताचं पान काढायचं असतं. त्या रविवारी उघडले आणि हात पानावरच थिजला.

श्रद्धा पुन्हा जागवायच्या उज्जीवन सभांच्या आधीचा तो रविवार. मंडळीत जीव उरलेला नाही, पवित्र आत्म्याने पुन्हा यायला हवं, असं सगळेच म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. मग आम्ही काय केलं? कमिटी बसवली. मांडव कुठे घालायचा, बाहेरगावच्या वक्त्यांना हुरडा द्यायचा की मटण, यावर खल सुरू. नवा भोंगा मात्र एकमताने आला. जुनाही मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचा; नवा तर थेट लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायला लागला.

त्या मागच्या गल्लीत आमच्या मावशी एकट्या राहतात. सख्ख्या कुणाच्याच नाहीत. निम्म्या मंडळीला संडे स्कूलमध्ये बायबलच्या गोष्टी सांगून त्यांनी वाढवलं, म्हणून सगळ्यांच्या मावशी. पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून पाळकसाहेब दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करत. "हे दयाळू पित्या, अंथरुणाला खिळलेल्या आमच्या मावशींना उठव." ते वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते संपायच्या आधीच आमचं आमेन तयार असे. सुरुवातीला महिला मंडळ फळं घेऊन जाऊन आलं. पुढे जो तो समजला, दुसरं कुणी जात असेल. मीही तेच समजले.

तर त्या रविवारी तेच वाक्य चाललं होतं, आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, उशिरा येणारे बसतात तिथे, मावशी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, शेजारी वॉकर, डोळे घट्ट मिटलेले. "...आमच्या मावशींना उठव," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर त्याही मोठ्याने "आमेन" म्हणाल्या.

भूत पाहून घाबरावं तशी मी घाबरले, आणि तेही जिवंत, बरी झालेली बाई पाहून! सूर धरायचा सोडून मी नुसतं तिकडे बोट दाखवलं. माना वळल्या. भरल्या चर्चमध्ये एकालाही "जय ख्रिस्त" म्हणून त्यांचं स्वागत करायचं सुचलं नाही. बाहेर मांडववाले बांबू ठोकतच होते.

पाळकसाहेब खाली उतरून त्यांच्यापाशी गेले. चेहरा पांढराफटक पडलेला.

"मावशी, तुम्ही बऱ्या कधी झालात?"

"लई दिवस झाले की." रागाने नव्हे, गोष्टी सांगायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या. "शेजारच्या विणकरांच्या सुनेनं हात धरून चालवलं. आता माजा सैपाक मीच करते. दर रविवारी भोंग्यावर तुमची प्रार्थना ऐकायची, तितूनच आमेन म्हनायची. वाटायचं, देवाकडं येवढं मागत्यात, तर मावशी उठली का न्हाय, बघाया कुनीतरी येईल."

त्यांनी वॉकर जवळ ओढला.

"कुनी आलं न्हाय. म्हटलं, आपनच जाऊन सांगावं, देवानं कवाच ऐकलंय."