मिठागरातलं जनावर कोणासारखं दिसतं

मी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. घरातलं लिहिणं म्हणजे सही, आणि लग्न निघालं की पत्रिकांवरची नावं. तेव्हा कुठे पाल्हाळ झाला, कुठे शब्द चुकला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे ते एका चित्राबद्दल, आणि ते चित्र काही फार मोठं नाही.

आमचं गाव जूचंद्र. आमच्याकडे रांगोळी म्हणजे उंबऱ्यापुढचे ठिपके नव्हेत. दिवाळीत शाळेच्या वर्गांतून जमिनीवर माणसांचे चेहरे काढतात, चिमटीतून रंग सोडत सोडत, आणि लांबलांबून लोक बघायला येतात. बघणारा एवढंच विचारतो, हुबेहूब आलाय का? मग नाक, हनुवटी, कानाची पाळी, सगळ्याची तपासणी होते. माझे बाबाही काढतात. माझा हात मात्र थरथरतो. रांगोळीत एक शिंक आली की चेहरा गेला. कॉम्प्युटरवर तसं नसतं. तिथे चुकलं की एक पाऊल मागे जाता येतं, पुन्हा चुकलं की पुन्हा मागे. मला ते फार मानवलं.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वसईला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकत होतो. तिथल्या सरांनी सांगितलं की अंधेरीला अॅनिमेशनचा कोर्स आहे, प्रवेशासाठी एक चित्र द्यायचं: मनानं रचलेला प्राणी आणि त्याच्या भोवतीचं वातावरण. मी आमची मिठागरं घेतली. पहाटेचं धुकं काढायला मोठा मऊ ब्रश घेऊन जवळजवळ न दिसणारा पांढरा रंग एकावर एक फिरवत राहिलो, तेव्हा कुठे मागची खाडी हळूहळू पुसट झाली. पुढे मिठाची रास, आणि राशीवर बसलेलं जनावर. त्याला म्हशीची शिंगं दिली, बगळ्याची मान दिली, अंगावर खवले दिले. डोळे काही केल्या जिवंत होईनात. शेवटी बहिणीचा छोटा आरसा कीबोर्डला टेकवून ठेवला, त्यात डोळे वटारून बघितलं, आणि माऊसने ते उतरवले.

मला प्रवेश मिळाला. बाबांनी नाही म्हटलं.

"डिग्री घे, बँकेत लाग," ते म्हणाले. "शिंगवाली जनावरं काढून कोनाचं घर चाललंय?"

बाबांपुढे कोणाचं चालत नाही, फक्त आत्याचं चालतं. ती त्यांची थोरली बहीण, उमेळ्याला दिलेली. आजी लवकर गेली, मग बाबांना आत्यानेच वाढवलं. अजूनही ती दारात दिसली की बाबा पेटलेली विडी पाठीमागे लपवतात. भाऊबीजेला ती आमच्याकडे येते. मी ठरवलं, ओवाळणं झालं की तिच्या पायाशी बसून सगळं सांगायचं. तिने हो म्हटलं की काम झालं. कोर्स दिवाळीनंतर लगेच सुरू होणार होता, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता.

पण बाबांनी एक केलं. कोर्स नको म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी चित्राची चकचकीत प्रत गुपचूप नेऊन शाळेत आपल्या रांगोळीशेजारच्या भिंतीवर लावली. मला ते कळलं तेव्हा चित्रासमोर गर्दी होती, आणि गर्दी नेहमीचंच काम करत होती.

"कोन हाय यो?"

"कोनी नाय, मनातलं हाय," मी म्हणालो.

"मनात कोन होता, तेच इचारतंय."

"मला त पीटीचा मास्तर वाटतंय."

"मास्तरला येवरी मान कुठं? डोक्याखाली सरळ शर्टच चालू होतंय."

कोणी किराणावाल्याचं नाव घेतलं, कोणी स्वतःच्या साडूचं. एका काकूंनी तर आपल्या सुनेचं घेतलं, सून मागेच उभी होती. तेवढ्यात आमच्या शेजारचे म्हातारे काका पुढे आले. त्यांनी चष्मा पुसला, चित्राला नाक लावलं, आणि म्हणाले, "अरे, ही त उमेळ्याची हाय."

मग सगळ्यांना एकदमच दिसलं. मलाही दिसलं. राशीवर आत्या बसली होती, शिंगांसकट.

त्यानंतर ती गोष्ट गावभर झाली. पोरं मला बघून कपाळाशी दोन बोटं धरायची. मी बाबांना विनवलं, चित्र काढून घ्या.

"प्रदर्शनातली वस्तू मधेच काढत नाय," बाबा म्हणाले. ते हसत होते की काय, मला आजही सांगता येणार नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी बोळिंजला मित्राकडे पळालो. त्याच्या आईने चकल्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, घरी पाहुणे नाहीत का? मी म्हटलं, आहेत, म्हणून तर. दुपारभर मी त्यांच्या फोनकडे बघत बसलो. आत्या चिडली असेल तर अंधेरी संपली, हे मला कळत होतं. संध्याकाळी फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"दादा, तू जेवलास का आधी सांग."

"आत्याने बघितलं?"

"बघितलं ना. सगळे शाळेत तिच्या मागे मागे, जत्रा नुसती. ती चित्रासमोर उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, कोन हाय ही? बाबा म्हणाले, कोनी नाय, राक्षस हाय. तर त्यांच्यावरच डाफरली. म्हणाली, लाज नाय वाटत? आपली आय हाय ती. चिडली की अशीच बगायची."

आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मी तिला पाहिलेलंच नाही.

"मग रडली थोडी," बहीण म्हणाली. "मग शेजारच्या काकांना विचारलं, तुम्ही हसताय कशाला. ते घरीच गेले. आता तिला ते चित्र मोठं करून पाहिजे. चौकट करून, हार घालायला."

"शिंगांसकट?"

"ते तू विचार तिला. माझ्यात हिंमत नाही."

"आणि माझं?"

"कोर्सचं मीच सांगितलं तिला, तू पळालास ना. मग तिने ताट हातात घेतलं पण ओवाळेचना. बाबा पाटावर बसलेले, टोपी घालून. म्हणाली, साडी नको, पोराला सोड, मगच ओवाळते. निरांजन विझायला आलं तरी बाबा हो म्हणेनात. शेवटी म्हणाले, जाऊ दे त्याला, पण कॉलेज सोडायचं नाय. तेव्हा तुला सोमवारी अंधेरीला जायचंय. बाबा बरोबर येणार आहेत."