खुळखुळे मास्तर

चौसाळ्यात मास्तर गल्लीत शिरले की बाया तान्ही लेकरं पदराखाली झाकायच्या. सरकारी मदरशात उर्दू शिकवणाऱ्या ह्या माणसाच्या कोटाच्या खिशात कायम खुळखुळा असायचा. तान्ह्याच्या पाठीमागं तो वाजवायचे आणि लेकरू वळलं का, कितव्या महिन्यात ‘बा-बा’ करू लागलं, हे वहीत मोडीत लिहायचे. दृष्ट लागेल म्हणून लोक कुरकुरत. मास्तर म्हणत, “लेकरू बोलणं कानानं शिकतंय, बाई. जीभ मागून येती.”

माझी गोदी दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द नव्हता. तिच्यासाठी वेखंड उगाळून माझ्या आईनं सहाण झिजवली. मी मात्र धीराचा माणूस. दिवसातून फक्त वीसदा ‘बाबा म्हण’ म्हणायचो. शेवटी मीच मास्तरांना घरी आणलं.

गोदी माझ्यासमोर बसली. मास्तरांनी तिच्या मागं खुळखुळा वाजवला. ती वळली. मी मिशीला पीळ देणार तोच ते म्हणाले, “तुमी कावून तिकडं बघितलं?”

“मी कुठं बघितलं?”

“मी हात उचलला की तुमचे डोळे हालतेत. पोरगी त्या डोळ्यांमागं वळती. घोंगडी घ्या तोंडावर.”

आतून आई म्हणाली, “ह्याच्या बी मागं वाजवून बघा, मास्तर. ह्याला बी माझं ऐकू येत न्हाई.”

भर उन्हाळ्यात मी घोंगडीखाली घामाघूम बसलो. खुळखुळा वाजला. पुन्हा वाजला. मग पितळी ताट दणाणलं. मग काहीच नाही.

“वळली का?” मी आतूनच विचारलं.

“न्हाई.”

घोंगडी काढायला मला बराच वेळ लागला. माझं तोंड दिसताच गोदी हसली.

“ऐकू येत न्हाई तिला,” मास्तर हळू म्हणाले. “पण लई हुशार हाय. दोन वर्षं सगळ्या घराला कळू दिलं न्हाई. आता तिच्या म्होरं येऊन बोला. हातानं दाखवा.”

मग ते रोज संध्याकाळी येत. पाणी, भाकर, गाय, दुखतंय. एकेका गोष्टीची खूण मास्तर आणि गोदी दोघांनी मिळून ठरवली. आईनंही पाठीमागून हाका मारणं सोडलं.

वर्षभरानं मास्तरांची दुसऱ्या गावी बदली झाली. बैलगाडी दारात उभी होती. गोदी अंगणात पाठमोरी बसून शेंगा फोडत होती. मी सवयीनं हाक मारली. मास्तर वळसा घालून तिच्यासमोर गेले, उकिडवे बसले आणि हातानं सांगितलं, जातो.

गोदीनं तळवे उलटे करून विचारलं, कुठं?

तिनं कुणाला काही विचारलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. गाडीवाला खोळंबला होता. मास्तर मात्र ते गाव किती लांब आहे, ते तिला हातवारे करून दाखवत बसले.