पॉलिश न केलेला चमचा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सुतार. नुसते सुतार नव्हेत, पॉलिशवेडे! कपाटाची भिंतीला टेकणारी मागची बाजूसुद्धा चकचकीत केल्याशिवाय जेवायला उठणार नाहीत. ती काय भिंत बघणार आहे, असं ताई चिडवायची. भिंतीनं तरी वाईट का बघावं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या ताईला कॅन्सर झाला आणि केमोनं तिची चवच गेली. घास घेतला की लोखंड चघळल्यासारखं वाटतं म्हणायची आणि ताट सरकवायची. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमचं धाबंच दणाणलं.

तेव्हा वॉर्डातल्या नर्सबाईंनी एक साधी गोष्ट सुचवली. स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, प्लास्टिकचा नाहीतर लाकडी देऊन बघा, पुष्कळांना त्यानं बरं वाटतं. प्लास्टिक म्हटल्यावर भाऊजींनी असं तोंड केलं, जणू कुणी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. चमचा मीच करणार, म्हणाले, आणि घरी येताना बसमध्येसुद्धा बोटांनी हवेत चमचेच कोरत बसले.

चमचा झाला मात्र देखणा! ताईनं तो तोंडाजवळ नेला आणि तशीच बेसिनकडे धावली. पॉलिशचा वास! केमोनं ढवळलेल्या पोटाला तो कसा सोसणार? मी भाऊजींवर अशी भडकले की विचारू नका. ते उठून तडक आपल्या सुतारकामाच्या दुकानात गेले.

परत आले ते दुसरा चमचा घेऊन. कोरा, नुसता उकळत्या पाण्यातून काढलेला. बिनपॉलिशची वस्तू त्यांच्या हातून पहिल्यांदाच बाहेर पडत होती. तो देताना बिचाऱ्यांची मान वर होईना.

ताईनं सूप घेतलं. गिळलं. पुन्हा घेतलं. आणि पुन्हा! मला तर उठून नाचावंसं वाटायला लागलं. तेवढ्यात ती थांबली आणि चमचा उलटासुलटा करून बघू लागली. मी बेसिनच्या वाटेतून बाजूला झाले.

"अहो, कड खरबरीत राहिलीय. पॉलिशपेपर आणा."

भाऊजी उठलेसुद्धा.

"आधी अजून सूप वाढा," ताई म्हणाली, आणि तिनं रिकामी वाटी पुढे केली.

मी पातेल्याकडे झेप घेतली, भाऊजींनीही घेतली. मग मी हात मागे घेतला आणि त्यांनाच वाढू दिलं.