सहा नंबरचं रिकामं भांडं

मामांच्या मुलीने परवा फोनवर विचारलं, "काका, बाबा दवाखान्यात नेमकं काय करायचे हो? घरी विचारलं की 'वॉर्डात असतो' एवढंच म्हणायचे."

मीही "वॉर्डातच असायचे" म्हणालो आणि फोन ठेवला. उत्तर अर्धवट होतं. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

दवाखान्यात वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात; आमचे मामा मूत्रपिंडाच्या वॉर्डात भांडी द्यायचे आणि न्यायचे. ज्यांना पलंगावरून उठता येत नाही त्यांच्याखाली बेडपॅन सरकवायचं, झालं की फडक्याने झाकून न्यायचं, धुवायचं, फळीवर उपडं ठेवायचं. वीस पलंग, एकोणीस वर्षं. भांडी धुण्याच्या खोलीत, दारामागच्या भिंतीवर त्यांनी खडूने पलंगांचे आकडे लिहिले होते. भांडं भरून आलं की आकड्यापुढे रेघ, रिकामं आलं की भोपळा. "शाळेत मला मिळायचे, आता मी वाटतो," म्हणायचे. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि वाचतही कोणी नव्हतं.

मी तळमजल्यावर प्रयोगशाळेत रक्त तपासायचो. वॉर्डातल्या नळ्या मामाच आणून द्यायचे.

एका वर्षी सहा नंबरवर एक हेडमास्तर आले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. त्यात मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला. पथ्य कडक. केळं बंद, नारळपाणी बंद, भाजी उकळून पाणी फेकलेली. तरी बुधवारी त्यांच्या रक्तात पोटॅशियम सहाच्या वर निघालं; ते पाचच्या आसपास हवं.

वॉर्डातून डॉक्टरबाईंचा फोन आला. "काका, कालच डायलिसिस झालंय. इतकं कसं असेल? नळी हिंदकळली असणार, पेशी फुटल्या असणार."

पेशी फुटल्या की आकडा खोटाच वर जातो, हे खरं. पण मग नळीतलं वरचं पाणी लालसर दिसतं. हे स्वच्छ पिवळं होतं. ते मला दिसत होतं, पण माझा माझ्याच डोळ्यांवर कधी भरवसा नव्हता. मी "नमुना खराब" असा शेरा मारला.

गुरुवारी सकाळी मामांनी नवी नळी आणली. सहा पूर्णांक आठ. पुन्हा लावली, तेच. मामा रिकामा ट्रे घेऊन उभे होते.

"मामा," मी म्हणालो, "हे खोटं असेल तर मी गाढव. आणि खरं असेल तर सरांचं हृदय उद्यापर्यंत दम धरायचं नाही."

मामा स्टुलावर बसले. "खोटं नाही, भाऊ. सहा नंबरला पाच भोपळे आहेत."

"अहो, सिस्टरच्या कागदावर रोज 'शौचास झाली' लिहिलंय!"

"सर सांगतात, ती लिहिते. रोज भांडं मागतात आणि रिकामं परत देतात. हाताला वजन कळतं की." मग आवाज खाली आला. "हात जोडले हो त्यांनी. कळलं तर सगळ्यांसमोर एनिमा देतील म्हणाले. पडदा केवढासा, त्याला भोकं किती. समोरच्या दोन पलंगांवर त्यांचेच विद्यार्थी. त्यातल्या एकाला सरांनी वर्षभर बाकावर उभं केलं होतं, तो तर तिकीट काढून बसेल. मी शब्द दिलाय."

"आणि आता?"

"पोट अडलं की या लोकांच्या पायांतलं बळ जातं, मग मशीनकडे पळापळ होते, हे मी कितीदा पाहिलंय. का होतं ते मला ठाऊक नाही." ते उठले. "शब्द मोडला तर सर मला तोंड दाखवायचे नाहीत. पण दाखवायला तोंड उरायला तर पाहिजे ना? चला."

आम्ही दोघं जिना चढलो. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, "नमुना चांगला आहे. कालचाही चांगला होता, शेरा मी चुकीचा लिहिला." सरांना पाच दिवस शौचास झालेली नाही, हे मामांनी सांगितलं. बाई तडक सहा नंबरकडे गेल्या. हृदयाचा आलेख काढला, त्यात टोकं उंच चढलेली होती. लगेच इंजेक्शन दिलं आणि सरांना मशीनवर घेतलं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पोटॅशियम बाहेर टाकणं हे मुख्यतः मूत्रपिंडाचं काम. मोठं आतडं थोडंच टाकतं, आणि शरीरात कमी पडलं तर उलट आत ओढूनही घेतं. पण मूत्रपिंडं बसली की हेच आतडं जास्तीचं काम अंगावर घेतं. रक्तातलं पोटॅशियम त्याच्या अस्तरातून मळात उतरतं आणि मळाबरोबर जातं. मळच अडला की ती वाट बंद.

"एनिमा मी देतो," मामा म्हणाले. "पण वॉर्डात नाही. पलंग ढकलत ड्रेसिंगच्या खोलीत नेतो. दार लावून."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आकडा पाचवर आला. या वेळी मी तो कुठलाही शेरा न मारता लिहिला.

सर मात्र संतापले. "विश्वासघात केलात तुम्ही."

"केला, सर. भांडं आणू?"

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढचे सहा आठवडे ते मामांशी बोलले नाहीत. पण रोज सकाळी मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले की चादरीखालून हात बाहेर यायचा. एक बोट म्हणजे एक दिवस शौचास झाली नाही. दोन बोटं दिसली की मामा न विचारता पलंगाच्या चाकांची खीळ काढायचे आणि ड्रेसिंगच्या खोलीकडे निघायचे. डॉक्टरबाईंनी पुढे वॉर्डातल्या कागदावर नवा रकाना आखला आणि सिस्टरला बजावलं, हे रोग्याला नाही, मामांना विचारून भरायचं.

सर घरी गेले त्या दिवशी मी जिन्यापाशी होतो. कुबड्या घेऊन ते मामांच्या समोरून गेले, बोलले नाहीत. दाराशी थांबले. वळले. एक कुबडी काखेत दाबून त्यांनी मोकळा हात वर केला. मूठ मिटलेली होती, एकही बोट वर नव्हतं.

मामा भांड्यांच्या खोलीत गेले आणि सहाच्या पुढे त्यांनी रेघ ओढली.