सासूच्या डोक्यावरचा पांढरा स्कार्फ

माझी नोकरी एका अटीवर टिकून होती. अकोल्यातल्या आमच्या मोहल्ल्यातून बाहेर पडायचं ते बुरख्यात आणि परत यायचं तेही बुरख्यात. अट सासूची. तिने कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. "बुरखा उतरा हुआ दिखा, तो नौकरी बंद," असं एकदाच म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

म्हणून मी रोज सकाळी एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षात जायचे. ती खोली तान्ह्या बाळांच्या आयांसाठी. मी तिथे बुरखा काढून पिशवीत कोंबायचे आणि सनकोट, डोक्यातोंडाला पांढरा स्कार्फ, गॉगल, हातमोजे असा सगळा सरंजाम चढवायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे गाडीवरची प्रत्येक पोरगी अशीच दिसते. म्हणजे झाकण्यात काडीचीही कसर नव्हती. हसा खुशाल. पण बुरखा मला नको होता, आणि स्कार्फ मी माझ्या हाताने बांधायचे, वाटेल तेव्हा सोडायचे. तिथून अमरावतीच्या शाळेत शिकवून परत येईपर्यंत मी कोणाची सून नसायचे.

सासूचं उलटं. तिची आई खेड्यात लुगडं नेसून शेतात जायची. सासूने चाळिशीत स्वतःहून बुरखा घेतला. सासरे तर नको म्हणत होते. "मेरेकू अच्छा लगता," एवढंच तिचं कारण. मला ते कधी पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

एप्रिलमधल्या एका दिवशी अमरावतीत सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. कुठल्याशा चौकात बाचाबाची झाली, दुकानांची शटरं खाली आली, शाळा लवकर सुटली. मी अकोल्याची बस पकडून खिडकीशी बसले. झळा लागत होत्या, म्हणून स्कार्फ तसाच होता. तेवढ्यात बुरख्यातली एक बाई धापा टाकत चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पायातल्या चपला मी लगेच ओळखल्या. सासू होती. बहिणीकडे चार दिवस राहायला आलेली, गडबड ऐकून लवकर निघालेली.

तिने मला ओळखलं नाही. "बेटी, अकोल्याचीच आहे ना ही बस?" असं तिने विचारलं. आवाज ऐकला तर संपलंच, म्हणून मी नुसती मान हलवली. आता दोन तास मुकं राहायचं, असं मनाशी ठरवलं. घामाने हातमोजे भिजले. नोकरी जाईल या भीतीपलीकडे त्या दिवशी दुसरी भीती असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

बडनेऱ्याला सात-आठ जवान पोरं चढली. मोठमोठ्याने बोलत, एकेका सीटकडे पाहत ती पुढून हळूहळू मागे यायला लागली. पुढे एक बुरखेवाली म्हातारी बसली होती. तिच्यापाशी ती थांबली. "आत कोण हाय काय मालूम, तोंड पाहू द्या ना!" त्यांच्यातला एक म्हणाला आणि बाकीचे हसले. कंडक्टर तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसला. बसमधली माणसं खिडकीबाहेर पाहायला लागली. मीही.

सासू माझ्या कानाशी आली. तिचा श्वास लागत होता. "बेटी, मले भेव लागून राहिलं. मी हे काढून टाकते. पण आत मॅक्सीच आहे, डोक्यावर घ्यायले काही नाही. तुमचा दुपट्टा द्या ना, अकोल्यापर्यंत."

आमच्या बायकांची ही जुनी सवय. वर बुरखा असला की आत घरातली मॅक्सी चालते, ओढणी कोण घेतं! बुरखा वाटेत काढावा लागेल हा विचार तिने कधी केलाच नसणार.

मी स्कार्फची गाठ सोडली. ती लवकर सुटेना. गॉगल काढला आणि तिने माझं तोंड पाहिलं. ओळखलं. मी सीटच्या आडोशाने तिचा बुरखा ओढून काढला, पिशवीत माझ्या बुरख्यावर दाबला, तिला माझ्या अंगातला सनकोट घातला, डोक्यावर स्कार्फ टाकला.

पोरं आमच्यापाशी आली. मघाचाच तो म्हणाला, "मावशी, पिशवी वर ठिवून देऊ का? तुमाले पाय लांब करता येतीन." त्याचा आवाज अगदी घरच्यासारखा. त्याने पिशवीला हात घातला. "राहू दे भाऊ," सासू कशीबशी बोलली. तो हसून पुढे गेला. आजही मला त्याची ती आपुलकीच जास्त आठवते आणि अंगावर काटा येतो.

अकोल्याला उतरून आम्ही दोघी हिरकणी कक्षात गेलो, आपापले बुरखे घातले आणि घरी आलो. नोकरी गेली हे मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुरखा घालून निघाले, तर ती धुतलेला स्कार्फ घेऊन आली. दार लावलं आणि म्हणाली, "ये बांधना सिखा. गाडीवाली लडकियां बांधते वैसा."

मी तिला आरशासमोर बसवून बांधून दिला. नुसते डोळे उरले. "अब समझता क्या, मैं कौन हूं?"

"नहीं अम्मी."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू भी उतार दे बुरखा. कल से मत पहन." इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ती ते रडत सांगत होती.

भीतीने काढायचा असेल तर मी नाही काढणार, असं मला तिथल्या तिथे वाटलं. त्या दिवशी मी हिरकणी कक्षात गेले नाही. बुरखा तसाच ठेवून बसमध्ये बसले, आणि थेट अमरावतीपर्यंत, चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड पाहत राहिले.