न उघडलेली फाइल

अमोनियाचा वास आला की मला मिरकरवाड्यातलं आमचं ऑफिस आठवतं, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवरचं. मासळीच्या लिलावाचे भाव बोटवाल्यांच्या मोबाइलवर दाखवणारं अ‍ॅप आम्ही चालवायचो. एका सकाळी खऱ्या सर्व्हरवर चाचणीचे खोटे भाव झळकले, सुरमई दोन रुपये किलो, आणि धक्क्यावरच्या शिव्या खिडकीतून आत यायला लागल्या. सेटिंगमधला कुठलाही बदल आधी गिटमध्ये, म्हणजे आमच्या बदलांच्या नोंदवहीत, टाकायचा आणि मगच सर्व्हरवर न्यायचा, हा आमचा नियम. गिटमध्ये तर काहीच नव्हतं. म्हणजे कुणीतरी थेट सर्व्हरवरच हात मारला होता. नोकरी सोडून दुबईला निघालेल्या मित्रावर सगळ्यांचा संशय गेला, माझाही. “मी हातपण नाय लावला ओ,” तो कळवळून म्हणाला. सर्व्हरवरची फाइल गिटमधल्या फाइलशी ताडून बघायला मी बसलो, तोच मागून साहेब म्हणाले, “बघ, डेटाबेसच्या ओळीत चाचणीचा पत्ता घातलाय यानं.” ओळ अगदी तशीच निघाली. मित्र दुबईला गेला. आजही सर्व्हर बिघडला की मी आधी कोण काय बोलतं ते ऐकतो. कारण साहेब बोलले तेव्हा ती फाइल मी अजून उघडलीच नव्हती.