डोंगरावरच्या शेळ्या कोणी मोजल्या?

एखाद्या बाईला अटक करायला पोलिसाला पुरावा लागतो की वरून आलेला एक फोन पुरतो? तुम्हाला काय वाटते? उत्तर घाईने देऊ नका. मी एकदा त्या दोन्हींच्या मध्ये उभा होतो, आणि त्या प्रकरणातला एकही चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. रस्त्यांना, शेडच्या पायांना खडी लागत होती, आणि खडी डोंगर फोडूनच मिळते. मी शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका खाजगी संशोधन संस्थेचे संचालक फिर्याद घेऊन आले. त्यांच्या संस्थेला डोंगराळ भागातल्या पर्यावरणाच्या अर्थशास्त्रावर संशोधन करायला अनुदान मिळाले होते. सोप्या भाषेत सांगतो. कन्नडच्या बाजूचा एक डोंगर तिथल्या वाडीला चारा, जळण, पाणी काय देतो आणि तो गेला तर वाडीचे काय बुडते, हे रुपयांत मांडायचे होते. काम एका तरुण संशोधक बाईकडे होते. फिर्याद अशी, की ती डोंगरावर गेलीच नाही, अनुदान लाटले आणि घरी बसून अर्धवट काहीतरी लिहून दिले.

गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे आला आणि लगेच वरून फोन सुरू झाले. "अटक कधी करताय?"

मी तिला बोलावून घेतले. महिला शिपाई समोर बसवली आणि चौकशी सुरू केली.

"गुरं-शेळ्या किती, हेच तुमच्या कामात नाही. मग गेलात कशावरून?"

"तिथं आकडा कोणी सांगत नाही, सर. शेळ्या मोजल्या की कळपाला दृष्ट लागते, असं मानतात. मी विचारणार नाही असा शब्द दिला. कळपामागं हिंडून चाऱ्याचा अंदाज काढला."

ती बाहेर गेल्यावर माझा हवालदार हसला. "साहेब, बहाणा तर लई भारी काढला बाईनं!"

बहाणा की खरे, हे ठाण्याच्या खुर्चीत बसून कळणार नव्हते. मी अटक थांबवली. तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणारा हॉटेलवाला असावा.

"साब, नाम मत पूछो. मैडम के बाद दूसरा सर्वे हुआ ना, वो यहींच शहर में, उस्मानपुरे में हुआ. मेरे टेबल पे. चाय पे चाय. पहाड़ किसने देखा?"

संचालकांनी खरोखरच दुसरा माणूस नेमून सर्वे पुन्हा करून घेतला होता. त्याचा निष्कर्ष असा, की वाडीत जनावरे नावापुरती आहेत आणि डोंगरावर कोणाचेही पोट नाही. मी त्या सर्वेवाल्याला बोलावले. खोटे बोलणाऱ्याला कधी अडवू नये, मोकळे रान द्यावे. मीही तेच केले.

"घरोघर गेलो, साहेब. प्रत्येकानं शेळ्या बोटावर मोजून सांगितल्या."

"कोणी आढेवेढे घेतले?"

"छे! आनंदानं सांगितलं. साधी माणसं आहेत."

जबाब लिहिला, त्याला वाचून दाखवला, सही घेतली. मग हवालदाराला घेऊन मी निघालो. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून तिथे आधी आमद, म्हणजे आम्ही आल्याची नोंद, केली आणि डोंगर चढलो.

पहिल्याच घरी एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"आजी, शेळ्या किती तुमच्याकडं?"

"हाईत देवाच्या."

"देवाच्या किती?"

"मोजून सांगू व्हय? कळप उतरला तर तू भरून देतो का?"

हवालदाराने दरडावले, "मावशे, पोलीस हाईत हे!"

"मंग तर लईच वाईट नजर!"

अंगणात जमलेली माणसे खो खो हसली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. खाकी वर्दीला जे कोणी सांगेना, ते इस्त्रीच्या शर्टातल्या सर्वेवाल्याला आनंदाने सांगितले होते म्हणे!

म्हातारीकडे परत येऊन मी विचारले, की याआधी कोणी आले होते का.

"एक पोरगी यायची. बकऱ्यांमागं हिंडायची. पायात काटे मोडायचे, पर इचारायची नाय. काय झालं तिला?"

"तिला अटक होईल, आजी. शेळ्यांचा आकडा दिला नाही म्हणून."

म्हातारीने शेंगांचे सूप बाजूला सारले आणि ती उभी राहिली. "मंग आमाला धरा की! सांगितलं नाय ते आमी. तिला कशापायी?"

हवालदार या वेळी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सर्वेवाल्याला खोलीत कोंडले नाही की आवाज चढवला नाही. जीपमध्ये बसवले. "चला, त्याच घरांत तुमच्यासमोर पुन्हा विचारू." घाट सुरू झाला तसा त्याचा चेहरा उतरला. पहिल्या वळणावर म्हणाला, "साहेब, वर नका नेऊ." सगळे तिथेच बाहेर आले. डोंगरावर एका खडीवाल्याची नजर होती. त्याला खाणीची परवानगी मिळावी म्हणून संचालकांना अभ्यासातून डोंगर कवडीमोलाचा ठरवून हवा होता. बाईने तसे लिहायला नकार दिला, म्हणून संचालकांनी तिलाच चोर ठरवले.

वरून पुन्हा फोन आला. मी म्हणालो, "अटक करतो, सर. फक्त आरोपी बदलले आहेत. थांबायचं असेल तर लेखी आदेश द्या." लेखी काही आले नाही. तिच्याविरुद्धची फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि संचालक व सर्वेवाला यांच्यावर गुन्हा नोंदवला.

ती आरोपातून सुटली, पण अनुदान देणाऱ्यांनी वाद नको म्हणून प्रकल्पच बंद केला. खाणीची परवानगी अडकली, एवढे मात्र झाले.

चोर अंधारात घरफोडी करतो हे मला नोकरीने शिकवले होते. दिवसाढवळ्या, चहा पीत, चांगल्या भाषेत आख्खा डोंगर चोरता येतो, हे या प्रकरणाने शिकवले. ही चोरी चालते, कारण ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना ते कधी ऐकवलेच जात नाही. त्या वाडीने एकही अहवाल ऐकला नव्हता. ना खरा, ना खोटा.

म्हणून माझे एक काम करा. तुमच्या डोंगरावर, तळ्यावर, गायरानावर कोणी अहवाल लिहिला असेल, तर पुढच्या ग्रामसभेत उठून उभे राहा. तो मराठीत, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायला लावा. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत कोणत्याही ठरावाला हात वर करू नका.